यंत्र कोंबडी साफ करतं, पण वेग कोण ठरवतं?

(केळझर, ता. सेलू, जि. वर्धा इथल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवून थोडं आटोपशीर केलं आहे.)



आज मी कोंबडीवर बोलणार आहे. कार्यक्रमाचा कागद वाचून एका ताईंनी सकाळीच विचारलं, महिला मेळाव्यात कोंबडीचं काय काम? दारू, हुंडा, रेशन, रोजगार हमी हे आपले नेहमीचे विषय. बरोबर आहे. पण गेल्या वर्षभरात या भागातल्या गटांच्या बैठकांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा माझ्यापुढे आले. पहिला मुलींचा. "कोंबडीच्या कारखान्यात काम मिळतंय, न्यायला-आणायला गाडी येते, जाऊ का?" दुसरा बचत गटांचा. "कर्ज मिळतंय, चिकनचं मशीन घ्यावं का?" दोन्ही प्रश्नांच्या मध्ये एकच गोष्ट उभी आहे, ती म्हणजे कापलेली कोंबडी साफ करणारं यंत्र. ते काय करतं, ते आलं की बाई कुठे जाते, आणि आपण त्याला कोणत्या अटीवर घरात किंवा गावात येऊ द्यायचं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

इथे माळकरी बाया आहेत, कोंबडी न खाणाऱ्याही आहेत. त्यांनी नाकाला पदर लावला तरी माझी हरकत नाही. फक्त कान उघडे ठेवा, कारण ही गोष्ट खाण्याची कमी आणि श्रमाची जास्त आहे.

हातानं केलेलं काम

आधी आपण घरी काय करतो ते आठवू. सुरी फिरवायला बहुतेक घरात पुरुष पुढे होतो. ते काम दोन मिनिटांचं. तिथून पुढचं सगळं बाईचं. खरं तर त्याच्याही आधीपासून. जिला कळतं ती आदल्या रात्रीच कोंबडी डाल्याखाली कोंडते आणि दाणा देत नाही, म्हणजे आतडी रिकामी होतात. मग पाणी तापवायचं. जास्त कढलं तर कातडी फाटते, कमी तापलं तर पिसं निघत नाहीत. बोट घालून अंदाज घ्यायचा. पिसं उपटायची, राहिलेली लव जाळावर भाजायची. मग खालून चीर द्यायची, हात आत घालायचा आणि एका ओढीत आतडी, काळीज, पेटा सगळं अखंड बाहेर काढायचं. आतडं फुटलं तर सगळ्या मटणाला घाण लागते. पित्ताची पिशवी फुटली तर कलेजी कडू. पेटा, म्हणजे कोंबडीचं दगडी पोट, मधोमध चिरून आतली पिवळी साल सोलायची. बरगड्यांना चिकटलेली फुप्फुसं बोटानं खरवडायची. मग धुवायचं, आणि मोरी धुवायची, आणि हात धुवायचे, आणि लगेच मसाला वाटायला बसायचं.

या कामात किती हुशारी आहे बघा. पाण्याचं तापमान, हाताचा दाब, कोणती पिशवी कुठे असते हे सगळं शरीराला ठाऊक असतं. आईकडून किंवा सासूकडून शिकलेलं असतं. पण याला कोणी कसब म्हणत नाही. आपणही म्हणत नाही. "काय केलं आज?" असं विचारलं तर आपण म्हणतो, "काही नाही, कोंबडी केली."

आणि दुसरी गोष्ट. हे काम घरातल्या बाईनं फुकट केलं तर ते प्रेम, आणि बाजारात कोणी पोटासाठी केलं तर ते घाणीचं. मांस कापणाऱ्या, साफ करणाऱ्या जातींना आपल्या समाजानं काय वागवलं हे इथे वेगळं सांगायला नको. खाणारा उजळ आणि साफ करणारा मळका, ही वाटणी जुनी आहे. यंत्र आल्यावर ती मोडते का, हेही आपल्याला पाहायचं आहे.

यंत्रानं केलेलं काम

आता कारखान्यात काय होतं ते सांगते. छताखालून एक लांब साखळी फिरत असते. तिला आकडे लटकलेले असतात. जिवंत पक्षी पायांनी त्या आकड्यांत अडकवतात. हे अडकवण्याचं काम बहुतेक ठिकाणी अजून माणसाच्याच हातांनी होतं, अंधूक उजेडात आणि धुळीत. साखळी पक्ष्याला पुढे नेते. विजेच्या पाण्यात बधिर करणं, मान कापणं, रक्त निथळू देणं, मग ५० ते ६० अंशाच्या गरम पाण्याच्या हौदातून नेणं. आपण बोटानं जो अंदाज घेतो तो तिथे काट्यावर दिसतो. पुढे पिसं काढणारं यंत्र. त्यात फिरणाऱ्या तबकड्यांवर रबराचे लवचिक तुकडे बसवलेले असतात, आणि त्यांना बोटंच म्हणतात. रबरी बोटं. आपल्याच हाताची नक्कल आहे ती.

मग मुंडी आणि पाय वेगळे होतात. पुढचं यंत्र शेपटाकडची बाजू गोल कापतं, त्याच्या पुढचं पोटाला चीर देतं. आणि मग येतं ते पोट साफ करणारं यंत्र. एका मोठ्या गोल चाकावर चमच्यासारखी अवजारं असतात. पक्षी समोर आला की चमचा आत जातो, बरगड्यांच्या कडेनं वर सरकतो आणि सगळा ऐवज एका हिसक्यात बाहेर आणतो. पेटा सोलायला दातेरी रूळ, फुप्फुसं ओढून घ्यायला हवेचा झोत उलटा चालवणारी नळी, धुवायला आतून-बाहेरून पाण्याचे फवारे. शेवटी पक्षी थंड पाण्यात किंवा थंड हवेत जाऊन चार अंशांपर्यंत गार होतो. हॉलंडमधल्या स्टॉर्क आणि मेयन या कंपन्यांनी ही यंत्रं जगभर पोचवली. युरोपातल्या मोठ्या कारखान्यांत एका लाइनवर तासाला १३,५०० पासून १५,००० पर्यंत पक्षी जातात. मिनिटाचा हिशोब केला तर सव्वादोनशे ते अडीचशे.

आपल्या देशात बहुतेक कोंबडी अजून जिवंत विकली जाते आणि गिऱ्हाइकासमोर कापली जाते. पण यंत्रावर साफ केलेली, थंड करून पिशवीत भरलेली कोंबडी आता आपल्याकडे नवी राहिलेली नाही. आपल्याच राज्यात पुण्याची व्यंकटेश्वरा हॅचरीज १९७१ पासून कोंबडीच्या धंद्यात आहे. मुंबईजवळ तळोज्याला गोदरेजचा प्रक्रिया कारखाना आहे, त्या धंद्यात अमेरिकेची टायसन कंपनी २००८ मध्ये भागीदार झाली होती आणि २०२४ मध्ये बाहेर पडली. शहरातल्या दुकानात आणि फोनवरून मागवलेल्या पिशवीत जी कोंबडी येते ती या वाटेनं.

यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. आतड्यातली घाण मांसाला लागू न देणं, पटकन गार करणं, यानं आजार कमी होतात. हात आत घालून खरवडण्याचं काम यंत्रानं केलं तर मला आनंदच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या बाईचा हात सुटला, ती बाई गेली कुठे?

बाई कुठे उभी असते

गेल्या वर्षी अशा एका कारखान्यात जाणाऱ्या काही बायांना मी त्यांच्या घरी जाऊन भेटले. कारखान्याचं आणि बायांचं नाव सांगत नाही, त्यांची रोजी जाईल. मला जे चित्र मिळालं ते असं.

यंत्राला नजर नसते. चमचा एका ठरावीक आकाराच्या पक्ष्यासाठी बसवलेला असतो. पक्षी थोडा लहान निघाला तर आतडं फाटतं, मोठा निघाला तर अर्धं आत राहतं. म्हणून यंत्राच्या पाठोपाठ माणसं उभी करावी लागतात. राहिलेलं काढणं, फाटलेलं धुणं, कलेजीपासून पित्त सोडवणं, मग पुढे थंड खोलीत तुकडे करणं, हाडं काढणं, वजन करून पिशवीत भरणं. या जागांवर बाया होत्या. यंत्राच्या बटणाशी, पाना-स्क्रू घेऊन, पुरुष होते. त्यांना ऑपरेटर म्हणायचे आणि त्यांचं नाव कंपनीच्या वहीत होतं. बायांना हेल्पर म्हणायचे आणि त्यांचं नाव ठेकेदाराच्या वहीत होतं. ज्या बाईला पाण्याचं तापमान बोटानं कळतं, तिला काटा वाचायला कोणी शिकवलं नव्हतं.

घरी आपण कोंबडी साफ करताना मध्येच लेकरू रडलं तर हात धुऊन उठतो. तिथे उठता येत नाही, कारण साखळी उठत नाही. हात एकच हालचाल दिवसातून हजारो वेळा करतो. पाय ओल्या फरशीवर, अंगाला गारठा. रात्री मनगटाला मुंग्या येतात, सकाळी मूठ उघडत नाही. बायांनी हे सांगताना "वाताचं दुखणं" म्हटलं. हे वाताचं दुखणं नाही. मनगटातून जाणारी नस दबल्याचं हे दुखणं आहे आणि ते कामामुळे होतं. अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं दक्षिण कॅरोलिनातल्या एका कोंबडी कारखान्यातल्या कामगारांची तपासणी केली. २०१४ च्या त्या अहवालात ४२ टक्के कामगारांना हे दुखणं असल्याचं आढळलं. त्या देशात लाइनला मिनिटाला १४० पक्ष्यांपर्यंत मुभा आहे, आणि काही कारखान्यांना त्याहूनही जास्त दिली गेली.

तिथलीच आणखी एक गोष्ट. ऑक्सफॅम अमेरिका या संस्थेनं २०१६ मध्ये कोंबडी कामगारांवर एक अहवाल काढला. लघवीला जायला सुट्टी मिळत नाही म्हणून कामगार पाणी पीत नाहीत आणि काही जण लंगोट घालून कामावर येतात, असं त्यात नोंदवलं होतं. पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात बायांचे काय हाल होत असतील हे मी तुम्हाला सांगायला नको. कामाप्रमाणे शरीर कापून घेण्याची वेळ आपल्या बीडच्या ऊसतोड बायांवर कशी आली, गर्भाशयं कशी काढली गेली, हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. साखळीचा वेग असो की कोयत्याची उचल असो, बाईच्या शरीराला थांबायला जागाच ठेवली नाही की शेवट असाच होतो.

आणि हॅम्लेटची आठवण आपण ठेवली पाहिजे. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनात हॅम्लेट नावाचं छोटं गाव आहे. तिथे कोंबडीचे तळलेले तुकडे करणारा कारखाना होता. ३ सप्टेंबर १९९१ ला सकाळी आग लागली. दारांना बाहेरून कुलपं होती, कामगार कोंबडी चोरतील म्हणून. २५ माणसं मेली, त्यांत बाया जास्त होत्या. अकरा वर्षं चाललेल्या त्या कारखान्यात सुरक्षेचा सरकारी निरीक्षक एकदाही आलेला नव्हता. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात हे घडलं. लक्षात घ्या, आतली यंत्रं नवी की जुनी यावर कामगाराचा जीव सुरक्षित ठरत नाही. दाराची किल्ली कोणाकडे आहे आणि विचारायला कोण येतं, यावर ठरतो.

परसातली कोंबडी

यंत्राला सारख्या आकाराचा पक्षी लागतो, हे मी सांगितलं. याचा दूरचा परिणाम आपल्या अंगणापर्यंत येतो.

गावरान कोंबडीचं एक पिल्लू सहा महिन्यांत वाढतं, दुसरं आठ. एक हडकुळं, एक भरलेलं. यंत्राला ते चालत नाही. त्याला चाळीसेक दिवसांत दोन किलोचा होणारा, सगळ्या भावंडांसारखाच दिसणारा ब्रॉयलर हवा. म्हणून कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते, आणि शेतकरी शेड, वीज, पाणी आणि मजुरी घालतो. पक्षी कंपनीचा, वाढवण्याचा दर किलोमागे ठरलेला. या करारावर सही कोणाची असते? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याची. म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याची. शेडमध्ये पाणी कोण भरतं, भुसा कोण पालटतं, रात्री पिल्लांना ऊब मिळते का हे उठून कोण बघतं? ते तुम्हाला माहीत आहे.

याच्या उलट, परसातली चार कोंबडी बाईची असते. खुराडं तिचं, अंडी तिची, बाजारात कोंबडा विकला तर पैसा तिच्या कनवटीला. वहीपेन, माहेरचा प्रवास, गोळ्या-औषधं यातून निघतात. नवऱ्याला विचारावं लागत नाही. हा धन छोटा आहे पण स्वतःचा आहे. आणि तो संपलेला नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी १८ लाख कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यातली सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातली होती, आणि आधीच्या गणनेपेक्षा ती जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. मोठमोठ्या शेडच्या काळात बायांनी ही कोंबडी टिकवली आहे.

पण संकट आलं की ते दोघींवर सारखं येत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तो मोठ्या पोल्ट्रीच्या गावात सापडला, आणि आजार आवरायला लाखो पक्षी मारावे लागले. त्यांत आसपासच्या घरांची परसातली कोंबडीही गेली. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला पुन्हा तेच. आणि २०२४ च्या डिसेंबरात आपल्या शेजारी नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या या आजारानं मेले. वाघ मेले तेव्हा बातमी झाली. रोज पक्ष्यांच्या रक्तात आणि आतड्यांत हात घालणाऱ्या बाईला हातमोजे, तोंडावर मास्क आणि कामाचे वेगळे कपडे मिळतात का, ही बातमी होत नाही. ती आपल्याला करावी लागेल.

कायदा आणि डोकी मोजण्याचा खेळ

आता कायद्याचं. १९४८ च्या कारखाना कायद्यात आपल्या उपयोगाच्या बऱ्याच गोष्टी होत्या. यंत्राच्या फिरत्या भागांना जाळी, धुण्याची सोय, संडास-मुताऱ्या, ३० पेक्षा जास्त बाया असतील तर पाळणाघर. त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे चालू यंत्र साफ करणं, तेल घालणं बाईला मना होतं. हेतू चांगला होता, पदर आणि केस अडकून अपघात होत. पण मालकांनी त्याचा अर्थ असा लावला की बाईला यंत्राजवळ येऊच द्यायचं नाही. धोक्यापासूनही लांब आणि पगारापासूनही लांब. यंत्र आधी बंद करा आणि मग कोणीही साफ करा, असा नियम पुरुषालाही हवा. बोटं त्याचीही तुटतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे जाऊन चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात काही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मागता येतं. रात्रपाळी बाईच्या संमतीनं आणि सुरक्षेच्या अटींवरच लावता येते. पण एक मेख नीट समजून घ्या. पूर्वी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना होत असे. आता २० लागतात. पाळणाघरासाठी आता ५० माणसं लागतात, बाया-पुरुष धरून.

याचा आणि यंत्राचा संबंध बघा. जिथे हातानं कोंबडी साफ करायला ३० बाया लागायच्या, तिथे पिसं काढायचं आणि पोट साफ करायचं यंत्र आलं की बारा-पंधरा पुरतात. डोकी कमी झाली, आणि ती जागा कारखान्याच्या व्याख्येतूनच बाहेर पडली. यंत्र तर आलं, पण यंत्रासाठी असलेले कारखान्याचे नियम तिथून गेले. म्हणून गाडीत बसण्याआधी मुलींनी विचारायचं की तिथे एकूण माणसं किती, ठेकेदाराची धरून किती, आणि माझं नाव कोणाच्या वहीत.

छेडछाडीबद्दलही सांगते. २०१३ च्या कायद्यानं १० किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या जागी तक्रार समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा मालकाचीच तक्रार असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. म्हणजे इथे वर्धेला जाता येतं. हे वाक्य घरी जाऊन चौघींना सांगा.

आपल्याला कोणतं यंत्र हवं?

आपण वर्धा जिल्ह्यात बसलो आहोत. यंत्राचा वाद या मातीला नवा नाही. १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पांनी तिथे घाणी, चुली, कागद यांवर वर्षानुवर्षं काम केलं. गांधीजींना कोंबडीचा कारखाना पटला नसता हे मला ठाऊक आहे. पण यंत्राबद्दल १९२४ मध्ये त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला नेहमी कामाला येते. यंत्राला विरोध करताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केला. बायकोचे कंटाळवाणे कष्ट पाहून, तिच्या मायेपोटी त्या माणसानं ते यंत्र काढलं, असं ते म्हणत. शिवणयंत्राचा खरा इतिहास याहून गुंतागुंतीचा असेल. पण त्यांनी लावलेली कसोटी चोख आहे. यंत्र कोणाचे कष्ट कमी करण्यासाठी आणलं? शिवणयंत्राचा पाय बाईच्या पायाखाली असतो. ती थांबली की ते थांबतं. आकड्यांच्या साखळीचं उलटं आहे.

आता बचत गटांच्या प्रश्नाकडे येते. चिकनचं मशीन घ्यावं का? पहिली गोष्ट, पोट साफ करणारं स्वयंचलित यंत्र छोट्या धंद्यासाठी नसतंच. तासाला शेकड्या-हजारांनी, एका मापाचे पक्षी असतील तरच ते परवडतं. गावात विकायला येतं ते पिसं काढायचं मशीन, म्हणजे रबरी बोटांचा ड्रम आणि मोटर. त्यात पक्षी टाकला की पिसं निघतात, पोट मात्र तुम्हालाच साफ करायचं आहे. विकणारा हे सांगताना आवाज बारीक करतो.

दुसरी गोष्ट, आपल्याकडच्या दुकानांत बरंच गिऱ्हाईक कातडी काढूनच मागतं. पिसांसकट कातडी ओढून काढली की ड्रमचं काम काय उरलं? कातडीसकट, भाजलेली गावरान कोंबडी हवी असणारी गिऱ्हाइकं तुमच्याकडे रोज किती येतील, ते आधी मोजा. धाब्यांना विचारा, आठवडी बाजारात उभं राहा, महिनाभर वहीत लिहा. कर्ज त्यानंतर.

तिसरी गोष्ट पाणी. मोठ्या कारखान्यात एका पक्ष्यामागे पंधरा-वीस लिटर पाणी सहज लागतं. गावात कमी लागेल, पण उन्हाळ्यात ते डोक्यावर कोण आणणार? आणि वापरलेलं रक्ताचं पाणी, पिसं, आतडी कुठे जाणार? नाल्यात टाकली तर कुत्री आणि रोग आपल्याच दारात. खड्डा, जागा आणि ग्रामपंचायतीची परवानगी हे यंत्राच्या आधी ठरलं पाहिजे.

चौथी गोष्ट परवाना. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत दिवसाला ५० कोंबड्यांपर्यंत कापणाऱ्याला साधी नोंदणी, हजारापर्यंत राज्याचा परवाना आणि त्याच्या वर केंद्राचा, अशी पायरी घातलेली आहे. नोंदणी गटाच्या नावानं करा, कोणाच्या नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावानं नको. मशीनचं बिलही तसंच. आणि मशीन चालवायला, उघडायला, पट्टा बदलायला गटातल्या किमान तिघी शिकल्याशिवाय पैसे देऊ नका. नाहीतर पहिल्या बिघाडाला गावातला एखादा पोरगा येईल आणि महिन्यात तोच मालक होईल. हे आपण पिठाच्या गिरणीत पाहिलंय, मिरची कांडपातही पाहिलंय.

बकासुराची पाळी

शेवटी केळझरचंच बोलते. हे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, आणि बकासुर इथलाच, असं इथले लोक सांगतात. ती गोष्ट लहानपणापासून ऐकली आहे. राक्षस रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस खायचा. पण गोष्टीत मला जास्त भीती वाटते ती गावाची. गावानं त्याच्याशी करार करून पाळी लावली होती. आज या घरची, उद्या त्या घरची. सगळं शिस्तीत चाललं होतं, आणि ज्याची पाळी नव्हती तो निवांत झोपत होता.

कारखान्यातही पाळीच म्हणतात. आज तिचं मनगट, उद्या हिचं. जी दुखणं घेऊन घरी बसते तिच्या जागी दुसऱ्या गावची मुलगी येते, आणि साखळी एक मिनिटही थांबत नाही. गोष्टीत हा करार मोडायचा निर्णय घेतला तो कुंतीनं. ज्या घरात ती आसऱ्याला होती तिथलं रडणं ऐकून तिनं विचारलं, काय झालं? एवढ्यापासून सुरुवात झाली. आपल्याला भीम मिळेल की नाही सांगता येत नाही, पण शेजारणीला विचारणं आपल्या हातात आहे.

म्हणून या मेळाव्यापुढे मी पाच मागण्या ठेवते. चर्चा करा, बदला, पण ठराव करूनच उठा.

एक. लाइनचा वेग आणि त्या वेगाला किती माणसं, हे कामगारांशी बोलून ठरावं आणि भिंतीवर लिहिलेलं असावं. लाइन थांबवण्याचं बटण काम करणाऱ्या बाईच्या हाताशी असावं, आणि ते दाबल्याबद्दल तिची रोजी कापली जाऊ नये.

दोन. पाणी पिण्याची आणि लघवीची सुट्टी मागावी लागू नये, ती ठरलेली असावी. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात थंड खोलीतून दुसऱ्या कामावर बदली मिळावी, मजुरी न कापता.

तीन. यंत्र चालवण्याचं आणि दुरुस्तीचं शिक्षण बायांना मिळावं. हेल्पर म्हणून दहा वर्षं काढलेली बाई ऑपरेटर व्हावी.

चार. ठेकेदाराची माणसं धरूनच डोकी मोजावीत. प्रत्येकीला नेमणूकपत्र, हातमोजे, बूट आणि मनगट-खांद्याची वर्षातून एकदा तपासणी मिळावी.

पाच. परसातल्या कोंबडीला लस, पिल्लं आणि बाजार मिळावा, आणि रोगाच्या वेळी पक्षी मारले तर भरपाई कोंबडी पाळणाऱ्या बाईच्या हातात पडावी.

ज्या मुलींना उद्या कामाला जायचं आहे त्यांना मी थांबवणार नाही. घराबाहेरची कमाई हा त्यांचा हक्क आहे. पण एकेकटी जाऊ नका. एका गाडीत जितक्या जणी असाल तितक्यांचा पहिल्याच दिवशी गट करा. दर पंधरा दिवसांनी इथे बसा, आणि कोणाचा हात दुखतो ते आधी विचारा. जेवणानंतर त्या झाडाखाली मी वही घेऊन बसते आहे. ज्यांच्या घरची मुलगी अशा कामाला जाते त्यांनी येऊन नुसतं गाव आणि पाळीची वेळ सांगा. नाव नको. तेवढ्यावरून आपण मोजायला सुरुवात करू.

जिंदाबाद.